मदत हवी आहे: कॅन्सर हुंगणारं इलेक्ट्रॉनिक नाक

नमस्कार मंडळी, कॉलेज प्रोजेक्टसाठी इलेक्ट्रॉनिक नाक बनवतोय. कॅन्सरच्या पेशींचं चयापचय बदललेलं असतं, त्यांच्यातून उडून जाणाऱ्या रसायनांचं मिश्रणही वेगळं असतं. सेन्सरांचा संच त्या मिश्रणाचा ठसा ओळखतो. २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने डीएनए चढवलेल्या कार्बन नॅनोट्यूब वापरून, रक्तद्रवाच्या वाफेवरून अंडाशयाचा कॅन्सर ९५ टक्के अचूकतेने ओळखला. आमच्याकडे मात्र पासोड्या विठोबापाशी, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात घेतलेले एमक्यू-१३५ हे साधे वायू-सेन्सर! पुण्यात पाऊस लागला की रीडिंग भरकटतं, आणि ज्यावर हे नाक चालवायचंय तो उच्छ्वास तर मुळातच दमट. आर्द्रतेची भरपाई कोडमध्ये करू, की हवा आधी सिलिका जेलमधून नेऊ? पण जेलने हवी ती रसायनंही शोषली तर? पेशंटचे नमुने घेणार नाही, तेव्हा चाचणीसाठी कुठली निर्धोक द्रावणं वापरावीत? जाणकार कोणी असेल तर कोथरूड-हडपसर, कुठेही येऊन भेटू.