बारावी अगदीच सोडू नका

‘सीईटी चांगली गेली की बारावीला नुसतं पास झालं तरी चालतं’ असं इंजिनिअरिंगच्या प्रवेशाबद्दल कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच खरं. मेरिट सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, पर्सेंटाइलवर (किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत त्यावर) लागतं, मान्य. पण पात्रतेला बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स अशा तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतातच, म्हणजे ३०० पैकी १३५. राखीव प्रवर्गाला ४० टक्के.

आमच्या गंगापूर रोडच्या भाच्याचे १३१ भरले. पर्सेंटाइल ९० च्या वर, क्लासची फी लाखात, आणि अडला चार मार्कांवर! प्रॅक्टिकलचे फिजिक्स-केमिस्ट्रीत प्रत्येकी ३० असतात, ते यानं जर्नल अर्धवट ठेवून घालवले. एनआयटीचा (केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांचा) विचार असेल तर बोर्डात ७५ टक्के किंवा टॉप २० पर्सेंटाइल, तेही आधीच बघून ठेवा.