मदत हवी आहे: विमान कक्षेत जातं, पण परतताना शेपूट पुढे करून पडतं (कर्बल स्पेस प्रोग्राम)

अक्कलकोटरोड:
मंडळी, चार रात्री झाल्या, डोकं चालेना झालंय.

खेळ कर्बलचा पहिला भाग (रॉकेटं-विमानं जुळवून अंतराळात उडवायचा), आवृत्ती १.१२.५. मॉड (वरून घालायची जोड) एकही नाही, लॅपटॉपला झेपत नाही. मे महिन्यात आमच्या सोलापुरात रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. दोन पाटांच्या मध्ये फट ठेवून त्यावर लॅपटॉप, वरून टेबलफॅन, असं चाललंय.

भाच्याशी पैज लागलीय. तो बारावीला, रॉकेटात पटाईत. मुनवर (खेळातला चंद्र) जाऊन येतो, मिन्मसवर (दुसरा चंद्र) तर जेवता जेवता. मी बोलून बसलो की रॉकेट काय, पेटवलं की वर जातंच (हसू नका). मी विमान करून दाखवतो. धावपट्टीवरून उडेल, एकही भाग न टाकता कक्षेत जाईल आणि त्याच धावपट्टीवर उतरेल. हरलो तर महिनाभर दर रविवारी पार्क चौकात त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना माझ्या पैशाने खायला घालायचं. ती पोरं किती खातात ते मी पाहिलंय.

विमान असं: एमके-२ जातीचं धड, मागे दोन रॅपिअर इंजिनं (खाली हवेवर, वर ऑक्सिडायझरवर म्हणजे सोबत नेलेल्या प्राणवायूच्या साठ्यावर चालणारी), डेल्टा (त्रिकोणी) पंख, नाकाजवळ कॅनार्ड (छोटे पुढचे पंख). भरल्या टाकीला २९ टन. हँगरमध्ये पिवळा गोळा (गुरुत्वमध्य) पुढे आणि निळा (उचलीचा मध्य) त्याच्या थोडा मागे. म्हणजे पुस्तकी बरोबर.

जाणं जमलं. आधी ध्वनीच्या वेगापाशी अडकायचं. मग १० किलोमीटरच्या खालीच जवळजवळ आडवं उडवून वेग घ्यायला शिकलो. २१-२२ किलोमीटरवर १,४०० मीटर प्रति सेकंद झाले की हवा पुरेनाशी होते, रॅपिअर ऑक्सिडायझरवर घ्यायचे, आणि ७८ किलोमीटरवर गोल कक्षा. पहिल्यांदा जमलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. नळाला पाणी आलं म्हणून बायको उठली होती. मी हॉलमध्ये एकटा उभा राहून टाळ्या वाजवतोय हे बघून काही न बोलता बादली भरायला गेली.

घोळ परतीचा. नाक वर धरून येतो. ३० किलोमीटरपर्यंत झकास. २० च्या आसपास नाक डोलायला लागतं आणि एका क्षणात विमान गर्रकन फिरतं, शेपूट पुढे. एसएएस (विमान आपोआप स्थिर धरणारी यंत्रणा) चालू असतो, उपयोग शून्य. एकदा समुद्रात, तीनदा धावपट्टीच्या पश्चिमेच्या डोंगरात. पंख मागे सरकवून पाहिले तर नाक उचलेचना, अडीच किलोमीटरची धावपट्टी संपली तरी चाकं जमिनीवरच.

आणि एक किरकोळ: उडताना ६० मीटर प्रति सेकंदाच्या पुढे डावीकडे ओढतं.

उलटा_कर्बल:
कॅनार्ड काढून फेका. नाकाशी पंख लावला की उचलीचा मध्य पुढे येतो. आणि पुढे दोन रिअॅक्शन व्हील (आत फिरून यानाला वळवणारी चाकं) जास्तीची टाका, हलणार नाही.

सातरस्ता_ताई:
रिअॅक्शन व्हीलने हे सुटणार नाही, उगाच वजन वाढेल. २० किलोमीटरवर त्या वेगाला हवा जो रेटा देते त्यापुढे ती चाकं म्हणजे काहीच नाही.

दादा, परतताना टाकीत किती इंधन असतं? हँगरमधला पिवळा गोळा *भरल्या* टाक्यांचा असतो. प्रत्येक टाकीवर राइट क्लिक करा, इंधन आणि ऑक्सिडायझर दोन्हीच्या पट्ट्या शून्यावर ओढा आणि गोळ्याकडे बघत राहा.

अक्कलकोटरोड:
ताई, गोळा चालत चालत मागे गेला की ओ! निळ्यालाही ओलांडून पार इंजिनांच्या तोंडाशी. चार रात्री मी पंख हलवतोय आणि हे समोरच होतं.

सातरस्ता_ताई:
तेच. रॅपिअर एकेक २ टनांचं, म्हणजे ४ टन शेपटीलाच टांगलेत. जाताना पुढच्या भरल्या टाक्या तोल धरतात, येताना त्या रिकाम्या असतात. धावपट्टीवरून निघालेलं विमान आणि परतलेलं विमान ही दोन वेगळी विमानं समजा आणि दोन्ही तपासा.

नाक वर धरणं चूक नाही. अमेरिकेचं शटलही ४० अंशांच्या आसपास नाक वर करूनच वातावरणात शिरायचं. पण गुरुत्वमध्य उचलीच्या मागे गेला की नाक जितकं वर होईल तितकं हवाच ते अजून वर ढकलते. मग एसएएस काय करणार?

काय करायचं: इंजिनं धडाच्या टोकाला नकोत. पंखांवर दोन बाजूंना नळकांडी करून त्यांच्या मागे लावा, म्हणजे वजन पुढे सरकेल. मग टाक्या अशा ठेवा की भरल्या काय, रिकाम्या काय, गोळा जेमतेम वीतभर हलेल. एवढं करूनही मागे गेलाच तर खाली यायच्या आधी उरलेलं इंधन पुढच्या टाकीत ओढा. ऑल्ट दाबून दोन्ही टाक्यांवर राइट क्लिक, पुढचीवर 'इन' दाबा.

अक्कलकोटरोड:
आत्ता डोक्यात शिरलं. आमच्या कारखान्यात (मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो) एक जण लुनाच्या कॅरियरवर सुताची बाचकी लादून आणायचा, आणि पुढे पायापाशीही एक ठेवायचा. पुढचं आधी उतरवलं की गाडीचं नाक आभाळाकडे! माझं विमान पुढचं बाचकं आधी उतरवतंय.

पण प्रत्येक वेळी तपासायला पाऊण तास कक्षेत जायचं का?

सातरस्ता_ताई:
नाही हो. ऑल्ट एफ१२, चीट मेनू, सेट ऑर्बिट. टाक्या जवळजवळ रिकाम्या ठेवून सरळ ८० किलोमीटरवर न्या आणि तिथून फक्त उतरण्याचा सराव करा. खाली येताना नुसतं एफ१२ दाबलं की कुठल्या भागावर हवेचा किती जोर पडतोय ते बाणांनी दिसतं.

चीट म्हणून लाजू नका. इस्रोने पुष्पकचं (पुन्हा वापरता येणारं पंखवालं यान) तेच केलं. २ एप्रिल २०२३ ला चित्रदुर्गजवळ चिनूक हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर वर नेऊन सोडलं आणि ते आपलं आपण धावपट्टीवर उतरलं. २०२४ मध्ये अजून दोनदा. कक्षेतून यायचं नंतर, आधी उतरता येतं का ते बघून घेतलं.

होटगीरोड:
डावीकडे ओढण्याचं मी सांगतो, त्यात माझी हयात गेलीय. चाकं पंखाला लावली असतील. पंख वाकतो, चाक तिरकं होतं. धडाला लावा आणि अगदी उभी आहेत का ते समोरून बघा. पुढच्या चाकाचा ब्रेक बंद, त्याचं घर्षणही हाताने कमी करा. मागची चाकं पिवळ्या गोळ्याच्या *किंचित* मागे. फार मागे असली की नाक उचलत नाही, तुमची धावपट्टी संपायचं कारण मला तेच दिसतंय.

बाकी डोंगराचं म्हणाल तर, आपल्या होटगी रोडच्या विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली. तिकडचे डोंगर कोण पाडणार? जरा उंचावरून या.

उलटा_कर्बल:
कॅनार्ड काढायचं मी बरोबरच सांगितलं होतं. बाकी मागे घेतो.

अक्कलकोटरोड:
रविवारची खबर. इंजिनं पंखांवर नेली, एक टाकी मागे सरकवली, चाकं धडाला. कॅनार्ड ठेवले पण छोटे. आता रिकाम्या टाकीलाही पिवळा गोळा निळ्याच्या पुढेच राहतो. चीटने सहा वेळा खाली आणलं, पहिल्या दोनदा आपटलं, पण एकदाही उलटं फिरलं नाही. २० किलोमीटरवर मी मुद्दाम हात काढून घेतला तर नाक आपोआप खाली आलं आणि विमान पतंगासारखं स्थिर!

मग भाच्याला समोर बसवून खरं उड्डाण. वर गेलं, दोन फेऱ्या मारल्या, खाली आलं, डोंगर ओलांडला. वेग जास्त होता म्हणून धावपट्टीच्या बाजूला गवतावर टेकलं, ९० मीटर प्रति सेकंदाला, आणि घसरत घसरत धावपट्टीवर येऊन थांबलं. डाव्या पंखाचं टोक गेलं. वैमानिक ठणठणीत, हसतोय.

भाचा म्हणतो गवतावर टेकलं म्हणजे हरलास. मी म्हणतो थांबलं तर धावपट्टीवरच. पंचांनी निकाल द्यावा.

सातरस्ता_ताई:
दादा, आधी कुठे टेकलं?

अक्कलकोटरोड:
गवतावर.

होटगीरोड:
पार्क चौकात कधी येऊ?