अंगकाठी घराण्याची, मग वजनही घराण्याचंच का? मदत हवी आहे

नमस्कार. मी वेंगुर्ले तालुक्यात राहते. वय 39, पतसंस्थेत कारकून. प्रश्न माझ्या वजनाचा आहे, पण लिहायला बसले ती लेकीमुळे.

ती आठवीत आहे, शाळेच्या कबड्डी संघात चढाई करते. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असताना पंगतीत कुणीतरी म्हणालं, "ही अगदी आईवर गेली." सासूबाई मायेनेच बोलल्या, "गो, तिच्या आवशीचो बांधोच तसो, पाणी पिला तरी अंगाक लागता." त्या रात्रीपासून पोरीने रात्रीचा भात सोडलाय. दोन आठवडे सरावालाही गेली नाही. विचारलं तर म्हणते, "बांधाच असा आहे तर खेळून काय होणार आहे?"

माझी झोप उडाली, कारण हे वाक्य मी स्वतः वीस वर्षं बोलत आले आहे. तिने ते माझ्याकडूनच उचललंय.

माझी उंची 5 फूट 1 इंच, वजन 68 किलो. धाकटी जाऊ त्याच पातेल्यातला भात आणि तीच माशाची कढी जेवते, आणि शेवग्याच्या शेंगेसारखी आहे. मागच्या वर्षी एका व्यायामशाळेत नाव घातलं. तिथल्या ट्रेनरने मला नीट न मोजताच सांगितलं, "तुम्ही एंडोमॉर्फ, म्हणजे गोलसर, भरल्या बांध्याच्या. भात बंद, नारळ बंद, नाहीतर काही होणार नाही." भात-नारळ बंद म्हणजे आमच्याकडे चूलच बंद. तीन आठवडे ओट्स खाल्ले आणि सोडून दिलं.

आता नवऱ्याचं. तो रिक्षा चालवतो. उंची 5 फूट 6 इंच, वजन 62. हातपाय काटकुळे, पोट तेवढं जरा पुढे. त्याला सगळे म्हणायचे, "तुझी काठीच बारीक, तुला कसली चिंता." गावातल्या तपासणी शिबिरात त्याचं एचबीएवनसी (रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर) 7.1 आलं, म्हणजे मधुमेहाच्या पातळीवर. माझी साखर मात्र व्यवस्थित. मग बांधा बघून लोकांनी आम्हा दोघांना जे सांगितलं, त्यातलं खरं किती? आणि मुलीला काय सांगू? जाणकारांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, मी रत्नागिरीकडे शारीरिक शिक्षण शिकवतो. आधी त्या एंडोमॉर्फचं सांगतो. एंडोमॉर्फ (गोलसर), मेसोमॉर्फ (पिळदार), एक्टोमॉर्फ (सडपातळ) ही वर्गवारी विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1940 साली मांडली. नावं गर्भातल्या पेशींच्या तीन थरांवरून घेतली. वजन उतरवणं हा त्याचा विषयच नव्हता. अंगकाठीवरून स्वभाव ओळखता येतो असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते पुढे टिकलं नाही. त्यातही त्याने माणसाला एकच शिक्का मारला नव्हता. प्रत्येकाला तिन्ही प्रकारांत 1 ते 7 गुण दिले होते.

1967 साली हीथ आणि कार्टर या संशोधकांनी मोजण्याची पद्धत सुधारली: चिमट्याने त्वचेखालची चरबी, हाडांची रुंदी, दंड आणि पोटरीचा घेर. खेळाडूंसाठी ती आजही वापरतात. पण तो आजच्या शरीराचा हिशेब असतो. सराव आणि जेवण बदललं की गुणही बदलतात. तुमच्या ट्रेनरने बघताक्षणी जे सांगितलं त्याला मोजणं म्हणत नाहीत.

सासूबाई अगदीच चुकल्या असंही नाही. कॅनडात क्लॉड बुशार या संशोधकांनी 12 एकसारख्या जुळ्यांच्या जोड्यांना 100 दिवसांपैकी 84 दिवस रोज 1000 कॅलरी जास्त खायला घातल्या. 1990 साली निकाल छापला. कुणाचं वजन 4.3 किलो वाढलं, कुणाचं 13.3. एकाच जोडीतले भाऊ मात्र बरेचसे सारखे वाढले. म्हणजे 'अंगाला लागणं' खरंच रक्तात असतं. पण जास्तीचं खाल्ल्यावर वाढलं सगळ्यांचंच.

जावेचं नुसतं ताट बघू नका, दिवस बघा. 1999 साली अमेरिकेत 16 जणांना आठ आठवडे असंच जास्त खायला दिलं, तेव्हा चरबी कुणाची पाव-अर्धा किलो वाढली, तर कुणाची चार किलोच्या वर. ज्यांची कमी वाढली त्यांची व्यायामाबाहेरची हालचाल आपसूक वाढली होती: उठबस, चालणं, चुळबुळ.

मुलीला आधी जेवायला बसवा. या वयात अंग भरतंच, उपाशी राहून सराव केला तर चक्कर येईल आणि दुखापत होईल. आणि भरल्या मांड्यांची मुलगी मैदानावर पाय रोवून उभी राहते, हे आम्ही दरवर्षी बघतो.

प्रतिसाद

तुमच्या यजमानांबद्दल लिहिते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या अंगात चरबी लपलेली असते, म्हणून भारतीयांसाठी बीएमआय 23 पासूनच वजन जास्त धरतात, आणि कंबर पुरुषांची 90, बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी. टेप घ्या आणि मोजा. डॉक्टरांकडे लवकर जा, काठी बघून थांबू नका.

धागाकर्तीचं उत्तर

दोघांचे मनापासून आभार. नवऱ्याची कंबर काल मोजली, 93 भरली. सोमवारी त्याला डॉक्टरांकडे घेऊन जाते आहे.

जावेकडे तीन दिवस लक्ष ठेवलं. पहाटे विहिरीवर, मग खळं सारवणं, गुरं, काजूच्या बागेत जाऊन येणं. जेवायला बसली की भात एकदाच घेते. मी कढी उरली म्हणून पुन्हा भात घेते आणि भात उरला म्हणून पुन्हा कढी. हे इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी साडेनऊ ते सहा खुर्चीत असते. भात सोडणार नाही, पण दुसरी वाढ बंद केली आहे आणि ताटात बांगडा आणि कुळथाची पिठी वाढवली आहे. स्टँडवरून घरी चालत येते.

लेकीशी बोलले. तिला सांगितलं, "तुझ्यासमोर मी जे बोलत आले ते चुकीचं होतं." इथे वाचलेलं पाय रोवण्याचंही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर पण असंच सांगतात, पाय रोवून उभी राहा." काल रात्री भात जेवली. सरावाला उद्या जाते म्हणाली आहे.

एक विचारायचं राहिलं. आम्हा दोघींना घरच्या घरी ताकदीचा व्यायाम सुरू करायचा आहे. वजनं विकत घेणं जमणार नाही. पाण्याच्या कळश्या, तांदळाची गोणी असं काही वापरून कुणी केलं आहे का? माझा उजवा गुडघा उकिडवं बसताना दुखतो, तेवढं धरून सांगा.