मदत हवी आहे: पंप आणि रेडिएटर तात्पुरते कशावर बसवू?

निळी_नळी
घाईत लिहितोय. कॉम्प्युटरचा कस्टम लूप (पंप, नळ्या आणि रेडिएटरमधून पाणी फिरवून थंड करणारी जोडणी) जुन्या केसमध्ये, म्हणजे कॅबिनेटमध्ये, हलवलाय, नवीन केस यायला आठ-दहा दिवस लागतील. जुन्यात पंपाला जागा नाही, रेडिएटरलाही नाही. काल पंप डबल साइडेड टेपने केसच्या तळाला चिकटवला. रात्री दोनच्या सुमारास आडवा झाला. नळी ताणली गेली पण फिटिंगमधून सुटली नाही, म्हणून मदरबोर्ड वाचला. टेप पंपाच्या बुडाला तशीच आहे, पत्र्यावरून मात्र पापुद्र्यासारखी निघून आली. याहून चांगली टेप कोणती? उद्या संध्याकाळी रेंडर (कॉम्प्युटरला बराच वेळ पूर्ण ताण देणारं ग्राफिक्सचं काम) लावायचाय, लवकर सांगा.

गळतीशोधक
कुठला पंप, डी५ की डीडीसी? टाकी पंपावरच आहे की वेगळी? नळी मऊ की कडक? रेडिएटर किती पंख्यांचा आणि आत्ता कुठे आहे? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

एक_टाय_बास
टेप सोडा, केबल टाय घ्या. तळाच्या जाळीतून दोन टाय, पंपाभोवती करकचून ओढा. माझा पंप पाच महिने असाच होता, तसूभर हलला नाही.

निळी_नळी
डी५, टाकी वरच बसलेली, मऊ नळी. रेडिएटर ३६०चा, म्हणजे तीन पंख्यांचा, केसच्या डोक्यावर नुसता ठेवलाय. जाळी नाही, तळ सपाट पत्र्याचा आहे. टेपचं सांगाल का कोणी?

थरथर_नको
टायवाल्यांशी मी सहमत नाही. डी५ पूर्ण वेगाने ४८०० फेऱ्यांवर फिरतो. तो पत्र्याला करकचून आवळला की थरथर पत्र्यात उतरते आणि सगळी केस गुणगुणायला लागते. पंपाखाली दोन बोटं जाडीचा स्पंज ठेवा, टाय लावलाच तर पंप कलंडू नये इतपतच.

एक_टाय_बास
पाच महिने वापरलंय म्हटलं ना. वेग कमी ठेवला की आवाज येत नाही.

थरथर_नको
रेंडरला बसलेल्या माणसाला वेग कमी करा कसं सांगता?

गळतीशोधक
टेपचं सांगतो. पत्रा कशाने पुसला होता? चिकटवल्यावर किती वेळ थांबलात? ॲक्रिलिक फोमच्या चांगल्या टेपलाही पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात, तेही पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेला असेल तर.

निळी_नळी
पाच मिनिटं थांबलो असेन. फडक्याने पुसला होता.

गळतीशोधक
मग टेपचा दोष नाही. आणि उद्या संध्याकाळपर्यंत ७२ तास होत नाहीत, तेव्हा टेपचा विषय सोडा. पाण्याने भरलेली टाकी आणि पंप यांचा भार खालून पेलला गेला पाहिजे. चिकटपट्टी किंवा टाय, काहीही असो, त्याने फक्त घसरणं आणि कलंडणं अडवायचं.

थर_दर_थर
थ्रीडी प्रिंटर असेल तर एका रात्रीत ब्रॅकेट होईल. पीएलए प्लास्टिक नको, साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि सतत भाराखाली हळूहळू वाकतं. पीईटीजी घ्या.

निळी_नळी
प्रिंटर नाही.

साधासरळ
दहा दिवसांसाठी एवढा खटाटोप कशाला? एअर कूलर लावा आणि निवांत रेंडर करा.

निळी_नळी
प्रोसेसरला लावेन, पण ग्राफिक्स कार्डावर वॉटरब्लॉक (लूपचं पाणी आतून फिरतं तो धातूचा ठोकळा) आहे. मूळ कूलर काढताना थर्मल पॅड फाटले. लूपशिवाय कार्ड चालणार नाही.

तांबे_पितळ
लूपमध्ये ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा ब्लॉक एकत्र नाहीत ना? गंजतं. आणि पाण्यात रंग घालू नका, ब्लॉकच्या बारीक खाचांत बसतो.

निळी_नळी
सगळं तांबं आहे, पाणी डिस्टिल्ड. माझा प्रश्न बसवण्याचा आहे.

जुनी_पट्टी
रेडिएटरबद्दल कोणी बोललं नाही. केसच्या डोक्यावर नुसता ठेवू नका, एका धक्क्यात नळीसकट खाली येईल. भोकांच्या लोखंडी पट्ट्या मिळतात, त्यांचे चार पाय करून तो केसशेजारी जमिनीवर उभा करा. पंख्याच्या दोन भोकांमधलं अंतर १०५ मिमी असतं, ते पट्टीवर आधी खुणा करून घ्या. पाय बाहेरच्या बाजूला फाकवा, नाहीतर वरच्या भाराने कलंडतो.

आता स्क्रू. पंख्याबरोबर येतात ते ३० मिमीचे, २५ मिमीच्या पंख्यासाठी. मी तेच स्क्रू २ मिमीच्या पट्टीतून रेडिएटरमध्ये फिरवले. थोडा जोर लागला, मला वाटलं आटे घट्ट असतील. काढला तेव्हा टोकाला ओल होती आणि पंखांमधून पाण्याची बारीक रेघ उतरत होती. रेडिएटर गेला. पट्टीसाठी ५-६ मिमीच्या वर जाऊ नका.

गळतीशोधक
नळ्यांची जोडणं उभ्या रेडिएटरच्या वरच्या टोकाला ठेवा, म्हणजे हवा बाहेर पडते. खाली असतील तर भरताना आडवा-तिरका करून बुडबुडे काढा. टाकीत पाणी दिसल्याशिवाय पंप चालू करू नका. त्याचं बेअरिंग पाण्यावरच फिरतं, कोरडं घासलं तर संपलं.

निळी_नळी
गळती तपासायला बोर्ड चालू करावा लागेल का?

गळतीशोधक
अजिबात नाही. बोर्ड आणि कार्डाच्या वायरी काढा, फक्त पंपाला वीज द्या. पॉवर सप्लायचा मागचा स्विच बंद ठेवून २४ पिनच्या जोडणीतली हिरवी आणि शेजारची काळी तार क्लिपने जोडा, मग स्विच चालू करा. सगळ्याच तारा काळ्या असतील तर १६ आणि १७ नंबरच्या पिन. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर. २४ तास ठेवा.

एक_टाय_बास
२४ तास कुठून आणणार? मऊ नळीला चार तास पुरतात.

गळतीशोधक
फिटिंगमधला थेंब कधीकधी सहा तासांनी दिसतो. कार्ड त्यांचं आहे, घाई तुम्ही करताय.

निळी_नळी
काल रात्रीच जोडणी केली. पंप स्पंजवर, वरून वेल्क्रोचा एकच पट्टा सैल. रेडिएटर पट्टीच्या पायांवर, जोडणं वर. रात्रभर टिश्यू बदलत बसलो, ब्लॉकच्या डाव्या फिटिंगखालचा कोपरा ओलसर झाला होता. आतली रबरी रिंग मुडपलेली होती, सरळ केली. त्यानंतर अकरा तास सगळे कोरडे आहेत. रेंडर उद्यावर ढकलला.

जुनी_पट्टी
स्क्रू किती लांबीचे लावले?

निळी_नळी
सहाचे. पट्टी लावून आत किती जातो ते आधी बाहेर मोजलं, चार मिमी.