पंचहजारी मनसब म्हणजे नेमके किती घोडेस्वार?

प्रश्न
पुरंदरच्या तहानंतर (१६६५) संभाजीराजांना मोगलांची पंचहजारी मनसब मिळाली, तेव्हा त्यांचे वय जेमतेम आठ वर्षांचे होते. एवढ्या लहान मुलाच्या पदरी पाच हजारांची फौज असणे मला पटत नाही. मग हा आकडा कशाचा, हे जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.

उत्तर १
मनसब हा मुळात दर्जा आहे. अकबराच्या उत्तरकाळापासून मनसबदाराच्या नावापुढे दोन आकडे लागू लागले. ‘जात’ या आकड्यावरून दरबारातील स्थान व वैयक्तिक तनखा ठरे, तर ‘सवार’ या आकड्यावरून घोडेस्वार बाळगण्याची जबाबदारी ठरे. शाहजहानच्या काळी नेमणुकीच्याच सुभ्यात जहागीर असलेल्याने सवार आकड्याच्या एक तृतीयांश आणि परसुभ्यात असलेल्याने एक चतुर्थांश स्वार हजेरीला आणावेत, असा नियम झाला. म्हणजे कागदोपत्री तीन हजार सवार असलेला सरदार प्रत्यक्षात एक हजार किंवा साडेसातशे स्वारच उभे करी. मात्र तेवढ्यांची तपासणी कडक होती. स्वाराचा ‘चेहरा’, म्हणजे अंगावरच्या खुणांसह त्याचे वर्णन, दप्तरात लिहून घेत आणि घोड्याच्या मांडीवर डाग देत, जेणेकरून हजेरीपुरते उसने घोडे आणता येऊ नयेत. हे सारे मीरबक्षीच्या, म्हणजे फौजेचे दप्तर सांभाळणाऱ्या केंद्रीय अधिकाऱ्याच्या, अखत्यारीत येई.

उत्तर २
वरील खुलासा योग्य आहे. त्याला पैशाची बाजू जोडतो, कारण माझ्या मते या व्यवस्थेचे खरे दुखणे तिथेच होते. फौजेचे दप्तर मीरबक्षीकडे, तर महसूल दिवाणाकडे असे, आणि सुभ्याचा दिवाणही सुभेदाराला नव्हे, केंद्रातील दिवाणाला जबाबदार असे. बहुतेक मनसबदारांना रोख पगाराऐवजी जहागिरीचा महसूल मिळे आणि ती जहागीर काही वर्षांनी बदलली जाई. कागदावरची ‘जमा’, म्हणजे ठरवलेला अंदाजी महसूल, आणि हाती येणारा वसूल यांत मोठी तफावत पडे; निम्माच वसूल होणारी जहागीर ‘सहामाही’ गणली जाई व स्वारांचे प्रमाणही त्या हिशेबाने घटे. विजापूर (१६८६) आणि गोवळकोंडा (१६८७) पडल्यावर दख्खनी सरदारांना मनसबी द्याव्या लागल्या, पण वाटण्याजोग्या चांगल्या जहागिरी अपुऱ्या पडू लागल्या.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनःपूर्वक आभार. दरबारातील स्थान ‘जात’ आकड्यावर ठरे हे कळल्यावर आग्र्याचा प्रसंगही नव्याने उमगला. १२ मे १६६६ रोजी महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे केले गेले, म्हणजे त्यांना आपल्याच आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या दर्जाला बसवले होते.