'वैयक्तिक कारणास्तव': राजीनाम्यावर सही करावी की काढून टाकू द्यावे?

हिंगणा-रोड (धागाकर्ता)

नमस्कार. कंपनीला आपण नकोसे झालो आणि तिने आपल्याकडेच राजीनामा मागितला, तर तो द्यावा की 'काढायचे असेल तर तुम्ही काढा' असे सांगून गप्प बसावे, या एका प्रश्नावर मला सर्वांची मते हवी आहेत. माझे मत असे आहे की सही करू नये. मी ती केली, म्हणून हे लिहीत आहे.

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी अकरा वर्षे गुणवत्ता तपासणीच्या टेबलावर होतो. माझ्या हाताखाली कोणी नव्हते. व्हर्नियर आणि गेज घेऊन माल तपासायचा, नाकारलेल्या मालाला लाल टॅग लावायचा आणि रजिस्टर भरायचे, एवढेच माझे काम होते. सहा महिन्यांपूर्वी एका शनिवारी, शिफ्ट सुटायला तासभर उरला असताना, मला वर केबिनमध्ये बोलावले. मोबाईल बाहेरच्या टेबलावर ठेवायला सांगितला. आत माझ्या नावाचे राजीनाम्याचे पत्र टाईप करून तयार होते. त्यावर तारीख घातलेली होती आणि कारणही लिहिलेले होते: 'वैयक्तिक कारनास्तव'. 'ण'च्या जागी 'न' पडला होता. इतकी वर्षे चुका शोधण्यातच गेल्यामुळे माझी नजर आधी त्या अक्षरावर गेली.

मला सांगण्यात आले की सही केली तर आठवडाभरात हिशेब आणि अनुभवाचा दाखला मिळेल. नाही केली तर सोमवारी टर्मिनेशन निघेल, आणि मग या एमआयडीसीत कोणी दारात उभे करणार नाही. ऑर्डर कमी झाल्याचे त्यांनीच बोलण्याच्या ओघात सांगितले. माझ्या कामाबद्दल एकही तक्रार नव्हती. घरी विचारून सोमवारी सांगतो म्हटले, तर नाही म्हणाले. वीस मिनिटांनी मी सही केली. गेटवर ओळखपत्र जमा केले; कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांसोबत बसवेना, म्हणून लोकमान्य नगर स्टेशनपर्यंत चालत आलो आणि मेट्रोने घरी गेलो. रात्री पत्नीने पत्राची झेरॉक्स वाचली आणि विचारले, "वैयक्तिक म्हणजे कोणतं कारण?" घरातले काहीतरी मी तिच्यापासून लपवतो आहे, असे तिला वाटले.

आता पैशांचे सांगतो. माझे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये होते. त्याला २६ ने भागून १५ ने गुणले की एका वर्षाची ग्रॅच्युइटी १०,५०० रुपये होते. अकरा वर्षांचे १,१५,५०० रुपये झाले आणि ते मला मिळाले. पैसे खात्यात आले तेव्हा कंपनीने आपल्याला चांगले वागवले, असे मला खरोखर वाटले. पुढे कळले की पाच वर्षे पूर्ण झालेल्या माणसाला ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी मिळते आणि काढले तरी मिळते. परंतु काम कमी झाले म्हणून कंपनीने मला काढले असते, तर ती कामगार कपात ठरली असती, आणि मग एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागले असते. माझा एकूण पगार २६,००० रुपये होता. अर्ध्या महिन्याचे १३,००० धरले तरी अकरा वर्षांचे १,४३,००० आणि नोटिशीचे २६,००० मिळून १,६९,००० रुपये होतात. त्या एका सहीने मी ते सोडून दिले.

मनुष्यबळ-बुटीबोरी

आपल्याशी ज्या पद्धतीने वागले गेले ती चुकीची होती. फोन काढून घेऊन सही घेणे हे आमच्या कामात बसत नाही, आणि मी ते कधी केलेले नाही. तरीही आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही, कारण मी एकोणीस वर्षे याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो आहे.

आपण फक्त मागे काय राहिले ते मोजले आहे. पुढचे मोजलेले नाही. बुटीबोरी, हिंगणा आणि मिहान मिळून नागपूरचे औद्योगिक जग फार मोठे नाही. नव्या कारखान्यात अर्ज गेला की तिथला माणूस जुन्या ठिकाणी फोन करतोच. 'राजीनामा दिला' या उत्तरावर फोन संपतो. 'काढले' या उत्तरावर तो सुरू होतो, आणि पुढे जे बोलले जाते त्यावर उमेदवाराचा काहीही ताबा नसतो. माझ्याच कारखान्यात एक ऑपरेटर दुसऱ्याची हजेरी लावताना सापडला होता. चौकशी केली असती तर आरोपपत्र निघाले असते आणि ते कायमचे नोंदीत राहिले असते. मी त्याला राजीनामा देऊ दिला. आज तो चाकणला सुपरवायझर आहे, मुले शिकत आहेत. त्याला लढायला सांगणाऱ्याने त्याचे भले केले असते, असे मला वाटत नाही. खटल्याला वर्षे लागतात, आणि घराचा हप्ता दर महिन्याला येतो.

चाचणी-अभियंता

मी वरील प्रतिसादाशी सहमत आहे. आयटी पार्कमधील एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टर होते. 'कामगिरी सुधारणा' या नावाखाली साठ दिवसांची मुदत दिली गेली, आणि तिसाव्या दिवशीच निकाल काय लागणार हे मला कळले होते. मी स्वतःहून राजीनामा दिला, राहिलेले दिवस मुलाखतींच्या तयारीत घालवले आणि दीड महिन्यात पुण्यात रुजू झाले. 'आधीची नोकरी का सोडली?' या प्रश्नाला मी शांतपणे उत्तर देऊ शकले, आणि त्या शांतपणाची किंमत १,६९,००० रुपयांपेक्षा मला जास्त वाटते. धागाकर्ते ज्या कायद्याबद्दल बोलत आहेत तो कामगारांचा आहे. आमच्यासारख्यांना तो लागू होतो की नाही, यावरच आधी वाद घालावा लागतो.

गांधीसागर

आपणा दोघांचेही म्हणणे एकट्या माणसाच्या बाजूने बरोबर आहे, आणि माझा आक्षेप त्या एकटेपणालाच आहे.

माझे वडील एम्प्रेस मिलच्या विणाई खात्यात होते. ही गिरणी १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केली, १९८६ मध्ये ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. आता त्या जागेवर मॉल उभा आहे. शेवटच्या वर्षांत एखादा कागद आला की आमच्या गल्लीत संध्याकाळी ओट्यावर सात-आठ जण जमत. ज्याला नीट वाचता येई तो मोठ्याने वाचे, दुसरा शब्दाशब्दावर थांबवून अर्थ विचारी. कागद रात्रभर घरात राहिल्याशिवाय त्यावर सही करायची नाही, हा वडिलांचा नियम होता. गिरणी वाचली नाही, हे मान्य. पण त्या गल्लीतल्या एकालाही आपण कशावर सही केली हे नंतर दुसऱ्याकडून समजून घ्यावे लागले नाही. धागाकर्त्यांना मिळाली ती फक्त वीस मिनिटे, आणि तीही फोनशिवाय. मनुष्यबळ-बुटीबोरी यांना मी विचारतो की राजीनामा जर कामगाराच्याच भल्याचा असेल, तर त्याला तो कागद घरी का नेऊ देत नाहीत?

वाडी-नाका

एक छोटी भर घालतो. मी पॅकिंगच्या कामावर होतो आणि पगार २१,००० च्या आत असल्याने कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) होतो. त्या योजनेत नोकरी गेलेल्याला अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली रोजच्या सरासरी कमाईच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढलेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला ती मिळत नाही. माझ्या पत्रात 'स्वेच्छेने' हा शब्द होता. तो वाचून मी अर्जच केला नाही. दोन महिने घरी बसलो तेव्हा तो पैसा किराण्याला झाला असता.

श्रम-न्यायालय

मी कामगारांची प्रकरणे चालवतो, त्यामुळे माझी बाजू उघड आहे. तरी आधी धागाकर्त्यांच्या विरोधात जाणारी गोष्ट सांगतो. दबावाखाली घेतलेला राजीनामा हा राजीनामा नव्हे, असे न्यायालये मानतात. मात्र दबाव होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. सही करून माणूस गप्प राहिला, पैसे घेतले आणि सहा महिन्यांनी बोलला, तर पहिला प्रश्न असा येतो की त्या दिवशी का बोलला नाहीत. त्याच रात्री 'माझ्याकडून ही सही जबरदस्तीने घेतली, मी राजीनामा मागे घेतो' एवढे दोन ओळींचे पत्र ईमेलने किंवा रजिस्टर पोस्टाने गेले असते, तर प्रकरणाचे वजन बदलले असते. राजीनामा मंजूर होण्याआधी तो मागे घेता येतो, हे फार थोड्या लोकांना माहीत असते.

आता मनुष्यबळ-बुटीबोरी यांच्यासाठी. आठवडाभरात हिशेब ही मेहरबानी नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा असो वा काढणे असो, वेतनाची बाकी दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायची आहे. ग्रॅच्युइटीची मुदत तीस दिवसांची आहे, आणि ती अडवायला मालमत्तेचे नुकसान किंवा हिंसक वर्तनासारखे गंभीर कारण लागते. सही नाकारणे हे त्यात कुठेही येत नाही.

राजीनामा मागण्यामागे पैशांखेरीज आणखी एक कारण असते, आणि त्याकडे या चर्चेत कोणी लक्ष दिलेले नाही. कपात करायची असेल तर त्या वर्गातला सर्वांत शेवटी आलेला माणूस साधारणपणे आधी जातो. क्रम मोडायचा असेल तर कारण नोंदवावे लागते. अकरा वर्षांच्या माणसाला काढून तीन वर्षांच्या माणसाला ठेवणे कंपनीला कागदावर अवघड गेले असते. शिवाय कपातीनंतर वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर कपात झालेल्याला प्राधान्य द्यावे लागते. राजीनामा दिलेल्याचा असा कोणताही हक्क उरत नाही.

मनुष्यबळ-बुटीबोरी

ग्रॅच्युइटी आणि हिशेबाच्या मुदतीबद्दल आपण लिहिले ते बरोबर आहे, आणि त्यांचा धाक दाखवून सही घेणाऱ्याचे मी समर्थन करत नाही. गांधीसागर यांच्या प्रश्नाचेही प्रामाणिक उत्तर देतो: कागद घरी गेला की तो परत येत नाही, म्हणून नेऊ देत नाहीत. हे उत्तर मला स्वतःलाही लिहिताना बरे वाटले नाही.

तरीही माझा सल्ला सही नाकारा असा नाही. सही करण्याआधी किंमत ठरवा, असा आहे. कंपनीला तुमची सही हवी असते, म्हणजे त्या क्षणी तुमच्या हातातही काहीतरी असते. नोटिशीचा पगार आणि वर्षामागे पंधरा दिवस एवढे आकडे त्याच पत्रात लिहून घ्या, मग राजीनामा द्या. मी अशा तडजोडी केल्या आहेत. माणूस पैसे घेऊनही जातो आणि पुढच्या फोनवर त्याचे नावही स्वच्छ राहते.

श्रम-न्यायालय

रक्कम पत्रात लिहिलेली असेल, तर मी त्याला विरोध करणार नाही. तोंडी आश्वासनाला मात्र काही अर्थ नाही.

चाचणी-अभियंता

माझे मत बदललेले नाही, पण एक दुरुस्ती करते. मला तीस दिवस आधी कळले होते आणि राजीनाम्याचा मजकूर मी माझ्या हाताने लिहिला होता. धागाकर्त्यांचा अनुभव आणि माझा अनुभव एकाच शब्दाखाली मोजणे बरोबर नव्हते. त्यांच्या जागी मी असते तर काय केले असते, हे मला सांगता येत नाही.

हिंगणा-रोड (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. मनुष्यबळ-बुटीबोरी यांनी सांगितलेली तडजोड मला त्या दिवशी कोणी सांगितली असती, तर कदाचित मी तीच स्वीकारली असती. नवी नोकरी मला अजून मिळालेली नाही. राजीनामा दिला असूनही दोन ठिकाणी फोन गेला आणि नंतर उत्तर आले नाही. त्यामुळे सहीने नाव स्वच्छ राहते या गोष्टीवर माझा तितकासा विश्वास उरलेला नाही.

ही चर्चा वाचून काल मी त्या शनिवारी केबिनमध्ये गेलेल्या इतर तिघांना फोन केला. आम्ही सहा महिन्यांत एकमेकांशी बोललो नव्हतो. प्रत्येकाला वाटत होते की दुसऱ्याने खरोखरच स्वतःहून सोडले असेल. दोघे संध्याकाळी त्रिमूर्ती नगरला माझ्या घरी आले आणि आपापली झेरॉक्स घेऊन आले. तिसरा गावी आहे, त्याने फोटो पाठवला. चारही पत्रे जमिनीवर शेजारी शेजारी ठेवली. तारीख तीच, मजकूर तोच, आणि चौघांच्याही पत्रात 'वैयक्तिक कारनास्तव'. चौघांनी एकाच दिवशी, एकाच चुकीसह, स्वतःच्या वैयक्तिक कारणासाठी नोकरी सोडली, असे ते कागद म्हणतात. वकीलसाहेब, याचा काही उपयोग आहे का? आणि मुदत शिल्लक आहे का?

श्रम-न्यायालय

उपयोग आहे, आणि मोठा आहे. चार माणसांनी आपापल्या मर्जीने लिहिलेली पत्रे अशी नसतात. मुदतही आहे: जुन्या कायद्यात ती तीन वर्षांची होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत दोन वर्षांची आहे, त्यामुळे सहा महिन्यांनी तुम्ही दोन्हीकडे बसता. पहिले पाऊल कामगार खात्यातील समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करण्याचे. चौघांनी वेगवेगळे अर्ज करा, पण एकाच दिवशी जाऊन द्या, आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचचा शिक्का घ्या. केबिनमध्ये कोण कोण होते, तुम्ही किती वाजता आत गेलात आणि किती वाजता गेटबाहेर पडलात, हे आज रात्रीच प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहून काढावे. एकमेकांचे पाहून लिहू नये. आणि ती झेरॉक्स नीट जपून ठेवा. त्या एका अक्षराची आपल्याला गरज आहे.