पावसाळ्यात हलगी उतरते, सभागृहात काय करायचं?

तिकटीवरचा क्लॅरिनेट:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात पापाची तिकटीजवळ चपलांच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही पाचजण सतरा वर्षं वाजवतोय. गिटार, बेस, ड्रम, माझं क्लॅरिनेट आणि हलगी. जॅझ, ब्लूज, आफ्रिकन ठेके, जे मनाला भिडेल ते. मी मूळचा लग्नाच्या बँडमधला. ब्लूजचा गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. मला तो जोग रागातून सापडला, तिथं दोन्ही गंधार नांदतात.

अडचण हलगीची आहे. आमचे मामा वाजवण्याआधी ती जाळावर धरतात, टिचकी मारतात, 'टण्' आलं की मगच स्टेजवर. गेल्या शनिवारी धो धो पाऊस, कार्यक्रम सभागृहात, जाळ करू दिला नाही. त्यांचं बरोबरच आहे; ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं ते गावानं बघितलंय. पण दमट हवेनं कातडं सैल पडलं आणि दुसऱ्याच गाण्यात हलगी बसली.

शफलमध्ये, म्हणजे ब्लूजच्या झुलत्या ठेक्यात, ठोक्याचे तीन भाग पडतात, मधला रिकामा. तिसऱ्या भागावर मामांची बारीक काडी पडते आणि गाणं झुलायला लागतं. त्या रात्री काडी ऐकूच आली नाही. मामा शेवटपर्यंत वाजवत राहिले, पण माझ्याकडं बघेनात.

गिटारवाला म्हणतोय, कातड्याऐवजी फायबरची घेऊ. माझ्या जिवावर येतंय. काय करू?

मिरजेचा साउंडवाला:
दादा, घाई नको. दोन हलग्या ठेवा. घरून निघेपर्यंत पत्र्याच्या पेटीत, आत जुना पिवळा बल्ब लावून. स्टेजमागं केस वाळवायचा ड्रायर, वीतभर लांबून, कातड्याला हात लावून बघत. एक वाजतेय तोवर दुसरी शेकायची. आणि माइक तोंडासमोर नको, मागून कडेला लावा.

पंचगंगेकाठी:
मला वाटतं निम्मा घोळ ड्रमसेटचा आहे. 'शक्ती' या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका १९७५ च्या प्रत्यक्ष मैफलीतली आहे. मॅकलॉफलिनची अकूस्टिक गिटार, एल. शंकरांचं व्हायोलिन, झाकीरभाईंचा तबला, विक्कू विनायकरामांचा घटम. ड्रमसेट नाहीच. म्हणून मडक्यावरची बोटंसुद्धा ऐकू येतात. तुमची हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधली झांजांची जोडी, आणि मामांची काडी एकाच जागेवर पडत असणार. त्या गाण्यापुरती हाय-हॅट सोडायला सांगा.

गंगावेस:
फायबरची मी वाजवलीय. भर पावसात मिरवणुकीला चांगली, उतरत नाही. बारीक काडी मात्र तिच्यावर पत्र्यागत लागते. पण मामांना विचारलंत का? हलगी त्यांची आहे.

तिकटीवरचा क्लॅरिनेट:
नव्हतं विचारलं. चूक झाली. काल संध्याकाळी विचारलं. मामा म्हणाले, "शनिवारी मला वाटलं, आता मला बसवणार." सतरा वर्षांत असलं काही त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून बसलो, दुसरं काय करणार.

मग ड्रायर आणला, हाय-हॅट बंद ठेवली, आणि तेच गाणं चार वेळा वाजवलं. काडी जिन्याखाली दुकानापर्यंत ऐकू येत होती, असं चपलावाले काका वर येऊन सांगून गेले. फायबरचा विषय संपला.

साउंडवाले दादा, एकच सांगा: पेटीत बल्ब रात्रभर चालू ठेवला तर कातडं तडकणार नाही ना?